लाइन आली की जाऊ

कल्याणच्या पुढे, स्टेशनपासून रिक्षाने अर्धा तास लागतो अशा ठिकाणी, आमचा एक फ्लॅट होता. सोळा वर्षं होता. त्यात आम्ही एक दिवसही राहिलो नाही. हे कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो, मग "का हो?" म्हणतो, आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. सांगून सांगून कंटाळले, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

आम्ही लालबागचे. म्हणजे हे लालबागचे; माझं माहेर गिरगावातलं. ह्यांच्या आजोबांनी गिरणीत लागल्यावर इथल्या चाळीत पागडीने खोली घेतली. मालकाला एकदा ठोक रक्कम द्यायची, मग दरमहा किरकोळ भाडं, आणि पुढे मुलंनातवंडं तिथेच. मालक हलवू शकत नाही. खोली दहा बाय बाराची. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि मुलगा. संडास गॅलरीच्या टोकाला. मी परळच्या शाळेत शिकवायचे आणि वर्गात मला घरापेक्षा जास्त मोकळं वाटायचं, यात विनोद काही नाही.

फ्लॅट बघायला गेलो तेव्हा बिल्डरच्या ऑफिसात भिंतभर नकाशा होता. त्यावर लाल तुटक रेघ, रेघेवर एक गोल, आणि गोलाशेजारी 'प्रस्तावित स्टेशन'. तिथला एजंट बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, इथून चालत दहा मिनिटं. तीन वर्षांत गाडी धावणार, लिहून घ्या." हे त्या गोलाकडेच बघत राहिले. मी तोवर वर जाऊन स्वयंपाकघर बघून आले होते. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा आणि ओट्यावर पूर्वेची खिडकी. जन्मात मी खिडकीसमोर उभी राहून पोळ्या लाटल्या नव्हत्या. माझ्या फंडातले पैसे काढले, बाकीचं कर्ज ह्यांनी घेतलं, आणि दोघांच्या नावावर घर झालं. लाइन नसताना तिथून शाळेत पोचायला अडीच तास लागणार होते. म्हणून ठरलं, लाइन आली की राहायला जाऊ.

तोवर कुणाला तरी भाड्याने देऊ, असं मी म्हटलं. कुणीही शहाणा माणूस हेच म्हणेल. हे रागावले की मालवणीत शिरतात. "भाडेकरू म्हणजे काय ता माका इचार," म्हणाले, "मी तीन पिढ्यांचो भाडेकरू आसंय. एकदा आत इलो की तो भायर जाता काय? आमी गेलो?" एजंटने परोपरीने समजावलं, "काका, आता अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट असतं. टेन्शन नाय घ्यायचं." पण ज्या माणसाच्या घराण्यात मालकाला दाद न देणं हाच पुरुषार्थ मानला गेला, त्याला कागदाचं काय कौतुक? उलट त्याला वाटायचं, आपण मालकाशी जे केलं तेच कुणीतरी आपल्याशी करील. घर बंद राहिलं.

बंद घराला धूळ मात्र येते. महिन्यातून एका रविवारी मी दुपारची जायचे, झाडायचे, पुसायचे, खिडक्या उघडून तासभर बसायचे आणि परत यायचे. एकदा समोरच्या दारातली नवी बाई बाहेर आली आणि मला विचारते, "मावशी, एका घराचं झाडूपोछाचं किती घेता?" माझ्या हातात ओलं फडकं होतं, पदर खोचलेला होता, तिची चूक नव्हती. मी म्हटलं, "मला दोनच घरं झेपतात गं. दोन्ही भरलीत." घरी येऊन हे सांगितलं तर हे खो खो हसले. मीही हसले. मग भांडी घासायला बसले तेव्हा रडू आलं.

तीन वर्षं झाली, लाइन आली नाही. पण तिची बातमी आली, आणि बातमीनेच भाव चढला. मग मोजणीवाले येऊन खुंट्या मारून गेले, आणखी चढला. मार्ग थोडा सरकणार असं कळलं तेव्हा हे दोन दिवस जेवले नाहीत. सरकला तो आमच्याच बाजूला, तेव्हा चाळभर पेढे वाटले. पुढे गिरगावात जमिनीखालून गाडी आली. माहेरच्या गल्लीत वर्षानुवर्षं पत्रे ठोकलेले होते, माझ्या भावाच्या भिंतींना हादरे बसायचे, कुणाला खरं वाटत नव्हतं, आणि एक दिवस ती सुरू झाली. हे मला मुद्दाम तिच्यात बसवून घेऊन गेले. "बघ, आली की नाही? आपलीपण येणार." एखाद्या सासुरवाशिणीला माहेरचं उदाहरण द्यावं तसं बोलले.

सगळा दोष ह्यांच्या माथी मारून मी मोकळी होणार नाही. भाव चढला की मलाही बरं वाटायचं. स्टाफरूममध्ये कुणी जागांचा विषय काढला की मी सहज बोलल्यासारखं आमच्या भागाचा रेट सांगायचे, आणि दादरच्या ब्लॉकमध्ये राहणाऱ्या बायकासुद्धा माझ्याकडे वळून बघायच्या. दहा बाय बारात राहणाऱ्या बाईला तेवढं सुख पुष्कळ वाटतं. राहायचं घर आणि वाढणारा भाव यांपैकी मी त्या काळात कशावर जास्त जीव टाकला, हे आज मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

निवृत्त झाले तेव्हा मात्र मी हट्टाला पेटले. शाळा नाही, मग लाइन कशाला हवी? सासू-सासरे तोवर गेले होते. मी दोन पेट्या भरल्या, कुकर बांधला, मिसळणाचा डबासुद्धा भरून ठेवला. त्याच आठवड्यात चाळीत नोटीस लागली की पुनर्विकासासाठी सर्व्हे होणार. जो राहताना दिसेल त्याचंच नाव यादीत. खोलीला कुलूप दिसलं तर मालक काय करील ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, असं हे म्हणाले, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. मी म्हटलं, "मग तुम्ही राहा इथे, मी जाते." त्यांनी बांधलेल्या कुकरकडे पाहिलं. पस्तीस वर्षांत ह्यांनी स्वतःच्या हाताने चहा करून घेतलेला नाही. मी पेट्या सोडल्या. सर्व्हे झाला, यादी लागली, मग दुसरा सर्व्हे झाला. चाळीच्या जागी व्हायचा टॉवर अजून कागदावरच आहे. तिकडे लाइनचे खांब उभे राहिले आणि मधेच थांबले. अशी दोन येऊ घातलेली सुखं आणि मधे आम्ही दोघं म्हातारे.

आता माझे गुडघे गेलेत. गॅलरीच्या टोकाला जायचं तर कठड्याला धरत जावं लागतं. गेल्या वर्षी मुलगा आला. तो लग्नानंतर वडाळ्याला भाड्याने राहतो, आणि तिथेच घर घ्यायचं त्याच्या मनात होतं. तो म्हणाला, "आई, कल्याणचा फ्लॅट विकायची हीच वेळ आहे. भाव वाढतो तो गाडी येणार येणार म्हणेपर्यंतच. एकदा सुरू झाली की तिथेच अडकतो. ते पैसे घातले तर माझं वडाळ्याचं होईल." सोळा वर्षं मी ज्या गाडीची वाट पाहिली ती यायच्या आत विकण्यात फायदा होता. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. सही माझीही लागणार होती. मी नाही म्हटलं असतं तर दोघांनीही ऐकलं असतं, हे मला माहीत होतं. पण पुन्हा पेट्या भरायच्या, पुन्हा ते घर लावायचं, आणि तेही ह्या पायांनी, या विचारानेच मी दमले. "विका," म्हटलं.

घर बघायला एक तरुण जोडपं आलं. डोंबिवलीत भाड्याने राहणारं. तो पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, ती घरी ब्लाउज शिवते. तिने ओट्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अगदी नवाच आहे हो." ह्यांनी खिडकीतून खांब दाखवले, स्टेशन दहा मिनिटांवर होणार ते सांगितलं, आणि त्यापायी भाव कसा वाजवी आहे तेही. सोळा वर्षांपूर्वीच्या त्या एजंटची वाक्यं जशीच्या तशी. मला लाज वाटली. तो मुलगा शांतपणे ऐकून म्हणाला, "काका, ट्रेन आली तर चांगलंच आहे. नाही आली तर खालून बस आहे. आम्हाला घर पाहिजे." भाव मात्र त्याने सगळा दिला, जन्माचं कर्ज काढून दिला.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी ऑफिसात तासन्‌तास बसलो. फोटो झाले, अंगठे झाले. पुरुष मंडळी झेरॉक्सला गेली आणि बाकावर ती मुलगी आणि मी, दोघीच उरलो. रविवारीच सामान आणणार म्हणाली. शिलाई मशीन कुठे ठेवायचं ते तिने ठरवलेलं होतं, खिडकीच्या उजेडात. मी ऐकत होते. मग तिने सहज विचारलं, "काकू, तिथे प्यायचं पाणी किती वाजता येतं?"

मला सांगता येईना. मी दुपारची जायचे तेव्हा नळाला टाकीचं पाणी असायचं, त्याने फरशी पुसायचे. प्यायला बाटली भरून लालबागहून न्यायचे. दर खेपेला न्यायचे, माझ्याच घरी. त्या घरात सकाळी काय होतं, उजेड कुठवर येतो, पाणी कधी येतं, मला काहीच ठाऊक नव्हतं. "मला माहीत नाही गं," मी म्हटलं, "आम्ही कधी राहिलोच नाही."

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. मग मला वाईट वाटू नये म्हणून असेल, माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "असू द्या काकू. राहायला गेल्यावर कळेलच की."