मागच्या खोलीतलं दुकान

माहेरचं घर सोडलं त्या सकाळी छोटा हत्ती टेम्पो दारात उभा होता आणि माझं सगळं सामान चढवूनही अर्धी गाडी रिकामी होती. एक लोखंडी पलंग, गॅस, दोन गाद्या, कपड्यांची पेटी आणि भांड्यांचं पोतं. नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी आले, त्यानंतरच्या अकरा वर्षांत माझं म्हणावं असं एवढंच जमलं होतं. पवनारजवळच्या आमच्या भाजीच्या वाडीत त्या दिवशी वांग्यांचा तोडा होता, म्हणून दादा घाईत होता. पलंगाला हात लावता लावता तो म्हणाला, "महिनाभरात वापस येशीन, पाह्य. बाईमाणसाले एकटीनं घर सांभाळणं सोपं नाई." माय ओट्यावर बसली होती, ती उठली नाही. सांभाराची, कोथिंबिरीची, एक जुडी माझ्या पिशवीत कोंबून म्हणाली, "बस्तान बसलं की मले नेजो."

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, जे तिथेच राहिलात आणि मला आता 'हिंगणघाटवाली' म्हणता. आणि त्या बायांसाठीही, ज्या माझ्यासारख्याच एक पेटी घेऊन कुठे कुठे निघून गेल्या.

हिंगणघाटला मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. बाजारात लोक मला 'रक्तवाली मॅडम' म्हणतात, त्याचीही सवय झाली. बँकेचं कर्ज काढून घर घेतलं ते बाजाराच्या मागच्या गल्लीत. समोरची खोली, स्वयंपाकघर, मागची खोली, आणि उभ्या जिन्यानं वर गेलं की एक लहानशी खोली. संडास-न्हाणी मागच्या खोलीला लागून. विकणारे शेटजी सत्तरीचे, त्यांचं साड्यांचं दुकान होतं. दुकान बंद केलं, घर विकलं आणि बायकोला घेऊन ते पुण्याला मुलाकडे गेले. रजिस्ट्री झाली, घर माझ्या एकटीच्या नावावर चढलं. किल्ल्या देताना त्यांनी एक किल्ली मात्र खिशातच ठेवली.

"मागच्या खोलीत थोडंसं सामान आहे, बेटी. दिवाळीले मुलगा गाडी घेऊन येते."

मी हो म्हटलं. घर मिळाल्याच्या आनंदात माणूस कशालाही हो म्हणतो.

जे कुलपाबाहेर होतं त्याचंही त्यांनी काही केलं नव्हतं. मोटर नसलेला कूलर, मेलेली इन्व्हर्टरची बॅटरी, पायऱ्यांखाली सतरा जुन्या चपला, फडताळात काळं पडलेलं लोणचं. ते सगळं मी दोन रविवारी उपसून काढलं. पण मागच्या खोलीच्या खिडकीतून आत पाहिलं तेव्हा मी घाबरून मागेच सरकले. आत बायका उभ्या होत्या. ओळीनं, खिडकीकडे तोंड करून. मग लक्षात आलं, साड्या नेसवायचे पुतळे. त्यांच्यामागे लाकडी काउंटर, गाद्यांची चळत आणि भिंतीला टेकवलेली सात-आठ फुटांची दुकानाची पत्र्याची पाटी. थोडंसं सामान कसलं, अख्खं दुकान होतं ते.

दिवाळी गेली. होळी गेली. फोन केला की शेटजी हसून म्हणत, पडू दे ना बेटी, पुतळे काही खायला मागून राह्यले का? गल्लीतही मी जणू त्यांच्या मालाची राखणदारच होते. शेजारच्या मंगलाताईंनी पहिल्या आठवड्यात मला विचारलं होतं की शेटजी तुम्हाला महिना देतात की फुकट राहू देतात. मी घर विकत घेतलंय हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

वर्ष होत आलं आणि माय पडली. वाडीच्या पाटात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. सेवाग्रामला ऑपरेशन झालं. मी पाच दिवस तिच्या खाटेजवळ होते. डॉक्टर म्हणाले, जिना नको, खाली बसणं नको, न्हाणी जवळ पाहिजे. दादाच्या घरी न्हाणी अंगणाच्या पार टोकाला. माझ्या घरात बरोबर जागा होती आणि तिथे अकरा पुतळे उभे होते.

मी शेटजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पाहतो. मग त्यांच्या मुलाचा फोन आला. तो शुद्ध पुणेरी मराठीत म्हणाला की सामानाला हात लागला तर आम्हाला पोलिसात जावं लागेल. मी म्हटलं, जा. माझा आवाज थरथरला नव्हता, याचं फोन ठेवल्यावर मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं. पंधरा दिवसांत सामान न्या, नाहीतर मी खोली रिकामी करीन. दादाला कळलं तेव्हा तो चिडला. मोठ्या लोकांशी काऊन भांडतं, माय इथंच राहीन, असं म्हणाला. माय तेव्हा ओसरीत पडून होती, तिच्या खाटेखाली कांद्याची पोती होती आणि न्हाणीपर्यंत तिला दोघांनी धरून न्यावं लागे. मी त्याच्याशी वाद घातला नाही. पंधरा दिवस मोजले.

सोळाव्या दिवशी रविवार होता. मंगलाताईंना साक्षीला बोलावलं, त्यांच्या हातात माझा मोबाइल दिला, व्हिडिओ काढायला सांगितलं आणि हातोडीनं कुलूप तोडलं. पाचव्या घावाला तुटलं. आतला वास अजून आठवतो, वाळवीचा आणि जुन्या कापडाचा. गाद्या उंदरांनी फोडल्या होत्या. साड्यांच्या रिकाम्या खोक्यांचा भुगा झाला होता. एकेक वस्तू आम्ही दोघींनी बाहेर आणली आणि भिंतीला लावून ठेवली. पुतळे उचलायला हलके होते. मंगलाताई एकीला कमरेत धरून नेताना हसत सुटल्या, आणि मीही.

व्हिडिओ मी शेटजींच्या मुलाला पाठवून दिला. संध्याकाळी फोन वाजला. शेटजींच्या बायकोचा. मी भांडायच्या तयारीत होते, पण त्या हळूच म्हणाल्या, "बरं केलं तू. मी तर निघतानाच म्हटलं होतं, न्या नाहीतर फेका. दुकान बंद झालं हेच त्यांना मानायचं नव्हतं. इथे कोणी विचारलं की सांगतात, माझं दुकान हिंगणघाटला आहे."

भांडायचं मी विसरूनच गेले. कारण हे मला कळत होतं. नवऱ्याचं घर सोडल्यावर दोन वर्षं मीही माझी एक साडी तिथल्या कपाटातून आणवली नव्हती; ती तिथे असेपर्यंत त्या घरात माझी जागा आहे असं वाटायचं.

मंगळवारी शेटजी स्वतः आले. रेल्वेनं, एकटे. मी लॅबमधून आले तेव्हा ते गल्लीत पुतळ्यांसमोर उभे होते. आधीपेक्षा बारीक झाले होते. मला पाहून त्यांचा आवाज चढला.

"माझ्या घरात मलेच न विचारता कुलूप तोडलं तू?"

"शेटजी, तुमचं घर पुण्याला आहे. हे माझं आहे. आत या, चहा करते."

ते आत आले नाहीत. बऱ्याच वेळानं पायरीवर बसले. चहा मी तिथेच आणून दिला. मग त्यांनी बाजारातल्या एका ओळखीच्या कापडवाल्याला फोन लावला. पुतळे आणि काउंटर तो नेतो म्हणाला. गाडी येईपर्यंत शेटजींनी माझ्याकडे ओलं फडकं मागितलं आणि एकेका पुतळ्याचं तोंड पुसलं. कोणता पुतळा कधी आणला तेही सांगत होते. मी ऐकत उभी राहिले.

शेवटी पाटी उरली. ती कापडवाल्याला नको होती आणि रेल्वेत नेता येणार नव्हती. शेटजी म्हणाले, "एवढी राहू दे ना बेटी मागच्या भिंतीले. कोणाले दिसणार नाई."

खरं सांगते, हो म्हणणं फार सोपं होतं. म्हातारा माणूस, पाणावलेले डोळे, आणि बाईनं समजून घ्यायचं असतं हे तर आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. मी आयुष्यभर दुसऱ्यांचं सामान समजून घेतलं. सासरी जावेच्या पेट्यांच्या मध्ये झोपले, माहेरी कांद्याच्या पोत्यांजवळ.

"नाही, शेटजी," मी म्हटलं. "पाटीही नाही."

मी बोलावलेल्या भंगारवाल्यानं तिची तिथेच पायानं दाबून घडी केली. पत्रा वाकला तसा शेटजींनी चेहरा फिरवला. मला वाईट वाटलं. पण शब्द मी मागे घेतला नाही, आणि आजही घेणार नाही. स्टेशनला जाताना त्यांनी मात्र माझ्या डोक्यावर हात ठेवला. का, ते मला सांगता येत नाही.

खोलीला मी स्वतः चुना दिला. न्हाणीत धरायला लोखंडी दांडा बसवून घेतला. मग गाडी घेऊन गावी गेले. दादा म्हणाला, लोक म्हणतीन भावानं मायले काढून देलं. मी म्हटलं, म्हणू दे. मायनं आपली पिशवी आधीच भरून ठेवली होती.

आता तुम्ही फोनवर विचारता, गावाची आठवण येते का? येते. नदीवरून येणारा वारा आणि ताज्या सांभाराचा वास हिंगणघाटला नाही. इथे कापसाच्या दिवसांत जिनिंगची धूळ घरात येते आणि माय दिवसभर नळाच्या पाण्याला नावं ठेवते. पण गावात मला बसायलाही विचारून जागा घ्यावी लागायची. इथे खिळा कुठे ठोकायचा ते मी ठरवते. घर म्हणजे मला आता एवढंच कळतं, आणि ते मला कोणी दिलेलं नाही.

गेल्या महिन्यात दादा पहिल्यांदा आला. वांग्यांचं पोतं खांद्यावर घेऊन दारातच उभा राहिला, आत यावं की नाही ते त्याला कळेना. मी स्वयंपाकघरात होते. मागच्या खोलीतून मायचा खणखणीत आवाज आला.

"ये ना गजू, आत ये. चपला बाहेर काढजो. हे सुनीताचं घर आहे."

दादानं चपला काढल्या आणि पोतं कुठे ठेवू म्हणून मला विचारलं.