प्लास्टरच्या दातांवरच्या लाल रेघा

दातांच्या दवाखान्यात पेशंटचं तोंड सतत उघडं, पण बोलायची सोय नाही. मग बोलायचं सगळं काम आमच्यावर पडतं, आणि किस्से साचत जातात. तंजावरला डॉक्टर विठ्ठलरावांकडे मी कित्येक वर्षं टेक्निशियन होतो. दातांची मापं घेऊन प्लास्टरचे नमुने ओतायचे, तारा वळवायच्या. आमची मंगळम सिस्टर म्हणते, "सेतू सांगतो त्यातलं अर्धं खरं." अर्धं म्हणते, हा तिचा चांगुलपणा!

*

नव्वदनंतर सगळ्यांना एकदम घाई झाली. घरोघर केबल आली, फोन आले, आणि वाकडे दातसुद्धा लवकर सरळ हवेत! नुसत्या तारेनं दोन वर्षं लागायची. डॉक्टर मद्रासच्या कॉन्फरन्सहून एक पद्धत शिकून आले. हिरडी उचलायची, दातांभोवतीच्या हाडाच्या कठीण थरात बारीक चिरा द्यायच्या, हिरडी परत शिवायची आणि मग तार ओढायची. हाड काही महिने मऊ राहतं, दात भराभर सरकतात.

तिरुवैयारूचा एक शेतकरी मुलाला घेऊन आला होता. त्याला हे समजावताना डॉक्टरांनी तीन आकृत्या काढल्या. तो म्हणाला, "सार, भाताची रोपं उपटायच्या आधी आम्ही वाफ्यात पाणी सोडतो. मुळं सैल होतात. तेच ना?"

तेच! डॉक्टरांनी त्या दिवसापासून आकृत्या सोडल्या. जाताना त्यानं विचारलं, "आणि खत कधी घालणार?" आम्ही पोट धरून हसलो.

काही वर्षांनी परदेशात खरंच त्या चिरांवर हाडाची पूड घालायला लागल्याचं डॉक्टरांनी मासिकात वाचलं. ओरडले, "सेतू, त्या माणसाला शोध रे!"

*

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर पेशंटच्या दातांचा प्लास्टरचा नमुना घेऊन बसत आणि कुठं चीर द्यायची ते लाल पेन्सिलीनं आखत. दोन मुळांच्या मधे एक उभी रेघ. पट्टी नाही, खोडरबर नाही. एका दमात! दुसऱ्या दिवशी तो नमुना त्यांच्या समोर ट्रेमध्ये असायचा.

कपाटातले ते लाल रेघांचे दात पाहून बँकेतल्या एका क्लार्कनं विचारलं, "हे कुणाचे?"

"अपॉइंटमेंट चुकवणाऱ्यांचे," मी म्हणालो.

पुढच्या वेळेपासून तो गृहस्थ दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर बसलेला असे.

*

आडी महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमारास, पापनाशमहून जानकी आली. वय बावीस, आवाज देवळातल्या घंटेसारखा, आणि वरचे दात ओठांच्या बाहेर. एका नव्या टीव्ही चॅनेलनं तिला बातम्या वाचायच्या नोकरीसाठी तपासलं होतं. म्हणाले, आवाज पसंत. दात नीट करून पोंगल झाल्यावर या.

"दोन वर्षं लागतात," डॉक्टर म्हणाले.

"माझ्याकडे सहा महिने आहेत, सार. पुन्हा कोण बोलावणार?"

मंगळमनं तिला चिडवलं, "तोवर पदर तोंडावर घेऊन वाच!"

"अक्का, तसं चाललं असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते?"

डॉक्टर हसले आणि ऑपरेशनची तारीख दिली. ती दर खेपेला वेटिंग रूममध्ये पेपर मोठ्यानं वाचायची. लोक दात दुखायचे विसरून ऐकायचे. एक आजोबा तर दात काढून झाल्यावरही उठेनात. "हवामान राहिलंय," म्हणाले!

*

जानकीच्या नमुन्यावर डॉक्टरांनी रेघा आखल्या आणि जेवायला गेले. मी पाहिलं तर रेघ आमच्याकडच्या कालव्यासारखी, डावीकडे वळलेली, उजवीकडे वळलेली. वाटलं, पेन्सिल बोथट असेल. टोक काढून ठेवलं. संध्याकाळी त्यांनी पुसून पुन्हा आखल्या. पुन्हा तेच. डॉक्टरांच्या टेबलावर खोडरबर मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

मी गुपचूप दुसरा नमुना ओतला, त्यावर सरळ रेघा आखल्या आणि तो ट्रेमध्ये ठेवला. मला वाटलं, फार मोठी हुशारी केली!

मंगळमनं नमुना उचलला, रेघा पाहिल्या, मला पाहिलं.

"रेघ तू काढलीस, सेतू. चीर कोण काढणार?"

*

मग आम्ही दोघांनी ऑपरेशन पुढं ढकलायचं ठरवलं. तोंडावर सांगायची हिंमत कुणाला? मी जानकीला निरोप धाडला की डॉक्टरांचे थोरले भाऊ वारले, पंधरा दिवस थांब.

दुसऱ्या दिवशी पोरगी फळं घेऊन हजर! डॉक्टरांसमोर उभी राहून म्हणाली, "सार, तुमच्या अण्णांचं कळलं. फार वाईट झालं."

डॉक्टर आईबापांचे एकुलते एक. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवून शांतपणे म्हणाले, "हो. चांगला माणूस होता."

ती गेली. आम्ही दोघं तंजावरचे मराठी, तरी डॉक्टर पेशंटशी तमिळमध्ये बोलत आणि माझ्याशीही तमिळमध्येच. मराठीत फक्त रागावले की. त्या दिवशी मराठीत म्हणाले, पण रागानं नाही.

"सेतू, माझ्या भावाचं नाव काय ठेवलंस?"



*

डॉक्टरांनी तिरुचीहून आपली जुनी विद्यार्थिनी शांता हिला बोलावलं. तिनं स्वतः नवा नमुना घेतला आणि रेघा आखल्या. डॉक्टरांनी चष्मा वर करून त्या पाहिल्या. "छान," म्हणाले. एवढंच.

ऑपरेशनच्या वेळी जानकी जागी होती, फक्त हिरडीत इंजेक्शन. शांतानं चाकू घेतला. डॉक्टरांनी गाल धरायचा चमचा घ्यायला हात पुढं केला, पण तो मंगळमनं आधीच घेतला होता. खोलीत त्यांना करण्यासारखं काहीच उरलं नाही. मग त्यांनी पलीकडे स्टूल ओढलं, बसले आणि जानकीचा हात धरला. शेवटचा टाका पडेपर्यंत.

त्यानंतर त्यांनी ऑपरेशन केलं नाही. तपासायचे, सांगायचे, तार मी वळवायची.

जानकीचे दात वेळेत जागेवर आले. पोंगलच्या आधी तार काढली आणि मद्रासला निघायच्या आदल्या दिवशी ती नमस्कार करायला आली. तोंड भरून हसत होती.

"सार, एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी किती घाबरले होते! माझा हात कसा थरथरत होता, आठवतंय? तुम्ही धरून बसलात म्हणून निभावलं."

मंगळम गॉजच्या घड्या करायला आत निघून गेली. मी तारांच्या डब्यात उगाच काहीतरी शोधत राहिलो.

डॉक्टर म्हणाले, "आठवतंय तर! होतं तसं, पहिल्यांदा."