पालखी परसात आली

चार महिने पाळी आली नव्हती, आणि आता ती येईल म्हणून मी घाबरले होते. लग्नाला सहा वर्षं झालेली. पीसीओडीमुळे दिवस राहत नव्हते. महाडच्या डॉक्टरबाईंनी आधी पाळी यायच्या गोळ्या दिल्या होत्या. ती आली की दुसऱ्या दिवसापासून अंडं वाढायच्या गोळ्या, मग सोनोग्राफी. हे मुंबईला नोकरीला, यांची रजा पाडव्याला. दिवस अगदी जुळत होते. फक्त मधे शिमग्याची पालखी होती.

पोलादपूरकडच्या आमच्या वाडीत ग्रामदेवी पालखीतून घरोघर येते आणि घरच्या सुनेने तिची ओटी भरायची असते. आदल्या दिवशी माझं पोट दुखू लागलं, तेव्हा जाऊबाईंनी पाळी लांबवायची गोळी हातावर ठेवली. "घे गो, चार दिवस पुढं जाईल. देवी कोपली तर मूल कसा व्हायचा?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. गोळी घेतली तर महिना वाया, नाही घेतली तर देवीचा राग. मला काहीच ठरवता येईना. देव्हाऱ्यापुढे बसून एवढंच म्हटलं, तूच बघ आता. गोळी तशीच राहिली.

सकाळी पाळी आली. मी परसात फणसाखाली जाऊन उभी राहिले. पुढच्या अंगणात ढोल वाजत होता, सासूबाई ओटी भरत होत्या आणि मी इथे रडत होते. मग ढोल जवळ येऊ लागला. पाहते तर पालखी घराला वळसा घालून माझ्याकडेच येत होती! वाटलं, आता सगळ्या वाडीसमोर देवी मला जाब विचारणार. सासूबाई मागून ओरडल्या, "अवो, ती शिवायची नाय!"

पालखीच्या पुढच्या दांडीला एक म्हातारे काका होते, वरच्या वाडीतले, माझ्या ओळखीचेही नव्हते. ते म्हणाले, "आई लेकीला भेटाया आली, तर इटाळ कसला?" पालखी माझ्यापुढे झुकली. काकांनी ओटीतला एक नारळ माझ्या पदरात घातला. पालखी आपणहून वळली की काकांनी वळवली, मला सांगता येणार नाही. मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंची अंडं वाढायची गोळी सुरू केली. त्या महिन्यात काही झालं नाही, पुढच्याही नाही. नंतर दिवस राहिले. आता तिसरा महिना आहे आणि जरा कुठे दुखलं की जीव धसकतो. परवा कळ आली, तेव्हा डॉक्टरबाईंना फोन लावला. पूर्वी अशा वेळी देवीचं माझ्याकडून काय चुकलं, हेच मी आठवत बसायचे. परवा फोन वाजत होता तोवर मी फक्त म्हटलं, "आई, ये."