खिळ्यावरचा मग

गेल्या रविवारी सकाळी अवसरीतल्या आमच्या पडवीत मी समुद्र कालवत बसले होते. हसू नका... घरात खाऱ्या पाण्याची टाकी असली की दर रविवारी हेच काम. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ विरघळवायचं आणि टाकीतलं थोडं पाणी बदलायचं.

ही टाकी मी लग्नात रुखवतासारखी पुण्याहून आणली. तिच्यात एक हॅमर कोरल आहे... दिसतं झाडासारखं, पण असतो जिवंत प्राणी. बोटभर तुकड्यापासून मी ते वाढवलंय आणि त्याच्या कुशीत क्लाउनफिशची जोडी राहते.

दोन महिन्यांपूर्वी टाकीतल्या दगडांवर हिरवे केस उगवले. शेवाळ! आज उपटावं तर चार दिवसांत दुप्पट. दिवे कमी केले, माशांचं खाणं कमी केलं, गोगलगायी आणून सोडल्या... शेवाळाला पोसणाऱ्या फॉस्फेटची टेस्ट तरी गडद निळीच, म्हणजे प्रमाण जास्तच.

मग शेवाळ कोरलच्या बुडाशी पोचलं. कोरलनं अंग आत ओढून घेतलं आणि एका फांदीचा पांढरा सांगाडा उघडा पडला.

मी फार्मसिस्ट, मंचरला मेडिकलमध्ये बसते. दिवसभर मिलिग्रॅमच्या भाषेत बोलणारी बाई मी, माझं मोजमाप चुकेल कसं? म्हणजे चूक दुसऱ्या कुणाची तरी असणार.

आणि दुसरं कोण, तर तात्या... माझे सासरे. रोज संध्याकाळी रानातून आले की टाकीसमोर खुर्ची टाकून चहा-खारी खायचे. एकदा झाकण उचलून आत डोकावताना दिसले आणि माझा तोल गेला. "तात्या, तुमच्या खारीच्या चुऱ्यानं मरतंय ते. यापुढे टाकीजवळ येऊ नका," असं सगळ्यांदेखत बोलून बसले. सासऱ्यांना!

त्यांनी कप खाली ठेवला. "तण आसं उगीच माजत न्हाई, पोरी. कुठनं तरी खत मिळतंय त्याला," एवढंच म्हणाले आणि खुर्ची उचलून अंगणात गेले. मला वाटलं, उलट मलाच शिकवतायत.

त्यानंतर तीन आठवडे तात्या टाकीकडे फिरकले नाहीत. शेवाळ मात्र वाढतच होतं. म्हणजे तात्यांचा काही संबंध नव्हता, हे मलाही दिसत होतं... पण कबूल कोण करणार? ताठा नडतो तो असा. सकाळी कोरलकडे बघायचं, संध्याकाळी अंगणातल्या त्या खुर्चीकडे, आणि दोन्हीकडे बघून जीव खाली-वर व्हायचा.

तर गेल्या रविवारी मी मीठ कालवत होते आणि तात्या पडवीच्या दारात आले. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. "पोरी, तुजं झालं आसंल तर त्यो मग दे. कांद्याला बारा-एकसष्ट सोडायचं हाय."

तो मग माझ्याच हातात होता.

बारा-एकसष्ट म्हणजे ठिबकमधून पिकाला द्यायचं खत. पांढरी पावडर, आणि त्यातलं एकसष्ट हे फॉस्फरसचं. माझं मीठ मोजायचं माप दोन महिन्यांपूर्वी फुटलं, तेव्हा मी पडवीतल्या खिळ्यावरचा तो मग घेतला होता. आत पांढरं चिकटलेलं दिसायचं... मी समजायचे, मीठच असेल.

कालवलेल्या पाण्याची टेस्ट केली. टेस्ट गडद निळी! आरओचं पाणी तपासलं होतं, टाकीतलं तपासलं होतं. जे मी स्वतः कालवत होते, ते तपासावं असं मात्र कधी सुचलंच नव्हतं.

खोटं कशाला बोलू... क्षणभर वाटलं, तो मग गुपचूप धुवावा, खिळ्यावर टांगावा आणि गप्प बसावं. घरात कुणाला कळलंही नसतं. पण तात्या दारात हात पुढे करून उभे होते. मी सगळं सांगून टाकलं, रडतच. "माझंच चुकलं, तात्या. तुम्हाला नको ते बोलले."

त्यांनी तो मग उलटासुलटा करून बघितला. "म्हंजी माज्या कांद्याचं खत तुज्या तणाला... आन् तुजं मीठ माज्या कांद्याला! तरीच यंदा पात शेंड्याला करपली!" आणि असे हसले की मीही रडता रडता हसले.

मग म्हणाले, "चल, दाव कुठं हाय तण." कोपरापर्यंत हात धुऊन आम्ही दोघं टाकीत खुरपणीला बसलो. मी आजवर वरवर उपटत होते, त्यांनी टूथब्रशनं मुळापासून खरवडायला लावलं. दुपार झाली, कांद्याचं खत राहूनच गेलं.

आता त्या मगावर लाल नेलपॉलिशची खूण आहे आणि मिठाला नवीन माप आणलंय. कोरलची ती फांदी गेलीच. बाकीच्यांनी आज सकाळी जरा टोकं बाहेर काढलीत... पण अजून काही खरं नाही.

टाकीतल्या पाण्याच्या मी दर रविवारी चार-चार टेस्ट करते. तात्यांवर आळ घेतला, तेव्हा तो खरा की खोटा याची एकही केली नव्हती.

काल संध्याकाळी अंगणातली खुर्ची मीच आणून टाकीसमोर ठेवली. तात्या आले, बसले, आणि त्यांनी खारी बशीच्या वर धरून फार सांभाळून मोडली... चुरा पडू नये म्हणून.