तळ्याकडे दोन चौक, वर एक

शाळेत याहोस्काला काठी लागतच नसे. अकरा वर्षं तीच फरशी, तोच जिना. नुसता पाय वाजला की कोण आलं ते ती ओळखायची, वर त्याची नक्कलही करून दाखवायची. जन्मापासून डोळ्यांना दिसत नव्हतं, पण कान भलतेच तिखट! कॉलेज मात्र मानाग्वा शहराच्या दुसऱ्या टोकाला. आईने अट घातली होती, "पहिल्या दिवशी एकटी वेळेवर पोचलीस तर शीक. नाहीतर गपगुमान मावशीच्या दुकानात बस."

सकाळी आठला ती बसमधून उतरली आणि तिथेच अडली. साडेआठला कॉलेजचं दार बंद होणार होतं. पत्ता विचारला, तर एकजण म्हणाला, "ते बघ, तिकडे!" दुसरा म्हणाला, "अगं, त्या निळ्या भिंतीमागे."

शेवटी केळीच्या पानावर उकडलेला युकाचा कंद वाढणारी दोन्या चेपा खेकसली, "हात खाली घ्या रे, मेल्यांनो, तिला दिसत नाही! ऐक गं राणी. थिएटर होतं तिथून तळ्याकडे दोन चौक, मग वर एक."

"थिएटर होतं कुठे?"

"तू उभी आहेस तिथेच. भूकंपात पडलं, माझ्या लहानपणी."

याहोस्काच्या जिवात जीव आला. तळं उत्तरेला, आणि 'वर' म्हणजे सूर्य उगवतो तिकडे. शाळेच्या मैदानात सोकोर्रोबाईंनी तिला कितीतरी सकाळी उन्हात उभं केलं होतं! "ऊन उजव्या गालावर आलं की तोंड तळ्याकडे, पोरी. काठी पुढे, मान वर, आणि लाज घरी!" बाईंचा तो नाकातला आवाज काढत ती निघाली.

पहिल्याच चौकात मागून कुणीतरी धापा टाकत आलं. "ताई, मी एस्तेली गावची, कॉलेजला निघालेय. अर्धा तास थिएटर शोधतेय, कुठे दिसतच नाही गं!"

"मलाही नाही दिसलं," याहोस्का म्हणाली. "चल."

दोघी आत शिरल्या तेव्हा दार बंद व्हायला पाच मिनिटं उरली होती. तिने घरी फोन लावला.

"हाताला धरून कुणी नेलं?" आईचा पहिला प्रश्न.

"कुणी नाही. उलट एका डोळस पोरीला मीच घेऊन आले."

आई म्हणाली, "मावशीला सांगते, दुसरी मुलगी बघ म्हणून. सोकोर्रोबाईंना कळवलंस?"

"तुझ्याआधी."

आईने नाक ओढलं. "बरं केलंस."