बाबांची माशांची जागा

मंडळी, दुपारपासून धडधडतंय, म्हणून लिहून टाकते.

आमच्या गिरीज गावातल्या घरात गळ घेऊन निघालेल्या माणसाला "कुठे चाललात?" असं विचारत नाहीत. विचारलं तर मासा लागत नाही म्हणे. बाबा रिटायर झाल्यापासून दर आठवड्याला खाडीवर जातात आणि आई गुपचूप डबा हातात देते.

आज जेवायची वेळ टळली तरी बाबा नाहीत. फोन लागेना. भरती चढायला लागलेली. एवढ्या मोठ्या खाडीत शोधणार कुठे? मी स्कूटर काढली, आई मागे बसली. दोन बांध पालथे घातले. तिसऱ्यावर बाबा चालत येताना दिसले, कमरेपर्यंत चिखल, पायात एकच चप्पल. रुतले होते. फोन पाण्यात गेला, तिवराची मुळं धरून कसेबसे वर आले.

मी ओरडणारच होते, पण त्यांनी पिशवीतला एवढासा बोईट मासा दाखवला आणि मी ती पिशवी त्यांच्या हातातून घेतली.

आई मात्र म्हणाली, "अहो, यापुढे मी विचारणार. मासा नाही लागला तर नाही लागला. वांगं करेन."

तुमच्याकडेही असं विचारत नाहीत का? कृपा करून विचारा. जागा कुठली आणि भरतीच्या आधी परत कधी येणार, दोन्ही.

संध्याकाळी बाबांनी आईच्या कानात नेमकी जागा सांगितली. वर "कुणाला बोलू नकोस" म्हणाले.

म्हणून मीही जागा विचारली नाही, इथे लिहायचा प्रश्नच नाही. आईला माहीत आहे, तेवढं पुरे.