आर्लिसच्या हातची काडतुसं

शाळेच्या स्वयंपाकघरात आर्लिस वोंद्राने एकतीस वर्षं काढली. दर गुरुवारी चारशे पोरांना राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचा रोल, आणि इतक्या गुरुवारांत एकदाही मीठ कमी-जास्त झालं नाही. चव घेऊन अंदाज बांधणाऱ्यांतली ती नव्हतीच. ती वजन करायची. अंदाजाने रांधणाऱ्या बायकांविषयी तिचं मत फारसं बरं नव्हतं आणि ते तिने कधी लपवलंही नाही.

घरी आली की हीच बाई तळघरात जाऊन काडतुसं भरायची. नवऱ्यासाठी. मायलो धान्याच्या कोठारावर कामाला होता आणि रविवारी क्लबात नेमबाजी करायचा. पंचेचाळीस कॅलिबरचं जड पिस्तूल, एका हातात धरलेलं, आणि पन्नास यार्डांवर काळी चकती. दुकानातल्या काडतुसांचा झटका हात हलवून टाकतो, म्हणून आमच्या नेब्रास्कातले खेळणारे आपापली काडतुसं घरीच भरतात. वापरलेली पुंगळी साफ करायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत मोजून बंदुकीची दारू घालायची, वर शिशाची गोळी दाबायची. दारूचं माप नेमकं बसलं तर झटका कमी आणि नेम घट्ट. हे माप सापडायला आर्लिसला चार महिने लागले. त्याआधी एक हिवाळा मायलोने स्वतः भरून पाहिलं होतं, रेडिओवर फुटबॉलची मॅच ऐकत ऐकत. आर्लिसने ते दोन मिनिटं पाहिलं आणि त्याला खुर्चीवरून उठवलं.

हलक्या बारात, म्हणजे कमी दारूच्या काडतुसात, एक मेख असते. दारू पुंगळीच्या तळाशी एवढीशीच पडते, त्यामुळे चुकून दोनदा पडली तरी आत मावते आणि वरून कळत नाही. कळतं ते पिस्तूल हातात फुटल्यावर. म्हणून आर्लिस बॅटरी लावून एकेका पुंगळीत डोकावायची, पन्नासच्या पन्नास. आणि म्हणूनच आमच्याकडे दुसऱ्याच्या हातची काडतुसं कोणी उडवत नाही, सख्ख्या भावाचीही नाही. नवरा-बायको तेवढे एक धरले जातात. म्हणजे आर्लिसने भरलेलं काडतूस उडवू शकेल असा माणूस जगात एकच होता.

नवा बार भरला की ती पिस्तूल लोखंडी शिकंज्यात आवळायची, दांडी ओढून दहा गोळ्या सोडायची आणि भोकं एकमेकांपासून किती लांब पडली ते मोजायची. हातात धरून मात्र तिने कधी एक गोळी उडवली नव्हती. स्पर्धेला गेली तरी पिकअपजवळ घडीची खुर्ची टाकून, चकत्यांकडे पाठ करून शब्दकोडं सोडवत बसायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "माझं काम डब्यात आहे. पुढचं त्याचं तो बघेल."

नऊ वर्षांपूर्वी रॉली बाखमनचं मनगट गेलं. रॉली मायलोचा चाळीस वर्षांचा मित्र. त्याने मुकाट्याने पंचेचाळीस ठेवून दिलं आणि बावीसचं पिस्तूल घेतलं. बावीसला झटका जवळजवळ नसतोच, आणि त्याची काडतुसं पुन्हा भरता येत नाहीत, दुकानातून तयार आणायची. क्लबाच्या सहलीत मायलोने रॉलीला सगळ्यांदेखत धरलं.

"काय रे, खेळणं घेतलंस म्हणे?"

"घेतलं. तुलाही घ्यावं लागेल एक दिवस."

"हॅट! ज्या दिवशी मला माझा नेहमीचा बार पेलणार नाही, त्या दिवशी पिस्तूल खुंटीला टांगीन. पण पोरखेळ करणार नाही."

सगळे हसले, रॉलीसुद्धा. आर्लिस टेबलापाशी खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, मांडत होती. ती हसली नाही. त्याच महिन्यात तिने मायलोला पाहिलं होतं. स्पर्धा संपल्यावर तो गाडीमागे उभा राहून थंड सोड्याचा डबा अंगठ्याच्या मुळाशी दाबून धरत होता. तिला बघितल्यावर त्याने डबा फोडून पिऊन टाकला.

त्या हिवाळ्यात तिने माप एका केसाने कमी केलं. झटका कमी म्हणजे पिस्तुलाचा वरचा भाग मागे सरकायलाही जोर कमी पडतो, म्हणून सफाईच्या निमित्ताने आतली स्प्रिंगही नरम घातली. डब्यावर चिठ्ठी लावली, "नेहमीचा". खरा आकडा लिहिला तो दालचिनीच्या रोलच्या वहीत, शेवटच्या पानावर. पुढच्या हिवाळ्यात आणखी एक केस. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आणखी एक. मायलो दर वसंतात पहिली स्पर्धा झाली की मनगट फिरवून दाखवायचा.

"बघ, अजून तस्संच आहे. सांग त्या रॉलीला."

"सांगते हं," आर्लिस म्हणायची.

खोटं बोलण्याचं तिला काही वाटत नव्हतं. पण गेल्या हिवाळ्यात माप तळाला लागलं. शंका आली म्हणून तिने शिकंज्यात दहाऐवजी पन्नास सोडल्या, तर दोन पुंगळ्या बाहेर पडायच्या ऐवजी पिस्तुलातच अडकल्या. याहून कमी चालणार नव्हतं, आणि वाढवलं तर त्याचा अंगठा सुजणार होता. सप्टेंबरात राज्याची स्पर्धा. आर्लिसने तेच माप ठेवलं आणि अडकणार नाही अशी आशा धरून डबे बंद केले. आयुष्यात पहिल्यांदा तिने अंदाजाने रांधलं होतं.

स्पर्धेच्या सकाळी ती नेहमीसारखी पाठ करून बसली होती. बार ऐकू येत होते. मायलोचा बार तिला शेकड्यांतून ओळखू यायचा, जरा दबका. तिसऱ्यानंतर तो थांबला. नंतर पुन्हा सुरू, आणि सातव्यानंतर पुन्हा थांबला. तिच्या हातातली पेन्सिल तिथेच राहिली. दहा गोळ्या झाल्यावर चकत्या बदलायला मधली सुट्टी झाली आणि मायलो चालत पिकअपपाशी आला. हातात दोन पुंगळ्या होत्या, काठाशी चेमटलेल्या. त्या त्याने तिच्या कोड्यावर ठेवल्या.

"अडकल्या," तो म्हणाला.

"दिसतंय मला."

"तुझा तळ लागला वाटतं."

आर्लिसने वर बघितलं. मायलो चिडलेला नव्हता. त्याने दुसऱ्या हातातलं रिकामं पिस्तूल पुढे करून मागची खाच दाखवली, जिच्यातून नेम धरतात ती. खाच पिस्तुलापासून चांगली वर उचललेली होती. खालचा बारीक स्क्रू जवळजवळ पूर्ण बाहेर आला होता.

"माझेही आटे संपले," तो म्हणाला. "आता वर जात नाही."

"तुझे कसले आटे?"

"बार हलका झाला की पन्नास यार्डांवर गोळी खाली पडते, आर्लिस. तुझ्या शिकंज्याला डोळे नाहीत. भोकं जवळ जवळ पडली की तो खूश. मला ती खाली गेलेली दिसतात ना! मग मी स्क्रू फिरवून खाच एक टक वर घेतो. दर वसंतात."

आर्लिसने खाचेवर बोट फिरवलं. मग तिने एवढंच विचारलं, "किती टक?"

"अकरा."

"मी तर नऊदाच कमी केलं."

"दोन माझ्या मनगटाचे. तेही खाली जातं."

तिला रडू आलं नाही, राग आला. नऊ वर्षं सफाईचं नाटक, नऊ वर्षं चोरून स्प्रिंगा आणणं, आणि हा गडी दर वसंतात मनगट फिरवून दाखवत होता!

"मग टांगलं का नाहीस खुंटीला? एवढं बोलला होतास सगळ्यांसमोर. नाहीतर रॉलीसारखं बावीस घ्यायचं. हात कशाला सुजवून घेतलास?"

मायलोने टोपी काढली आणि परत घातली.

"बावीसची काडतुसं दुकानात मिळतात," तो म्हणाला. "मग तू तळघरात काय केलं असतंस?"

आर्लिसने चेमटलेल्या पुंगळ्या कोड्यावरून उचलून खिशात टाकल्या. तिकडे पंचांनी सगळ्यांना जागेवर बोलावलं.

"दहा उरल्यात," तो म्हणाला.

"आणि खाच वर जात नाही."

"मग नेम वर धरायचा. काळ्याच्या वर, पांढऱ्यात."

तो गेला. आर्लिस उठली, खुर्ची उचलली, उलट फिरवली आणि चकत्यांकडे तोंड करून बसली. इतक्या वर्षांत तिने मायलोला नेम धरताना पाहिलं नव्हतं. हात वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर जायचा. एका गोळीला तो एवढा वेळ घेतो हे तिला ठाऊकच नव्हतं. सहावी पुंगळी अडकली तेव्हा तिने खुर्चीचा हात धरला. पण दहाच्या दहा झाल्या. सात काळ्यात, तीन बाहेर. मायलो वोंद्राच्या नावापुढे इतका कमी आकडा आमच्या क्लबात कोणाला आठवत नाही.

परतताना त्याने हात मांडीवर उपडा ठेवला होता, सूज लपवत नव्हता. गाडी आर्लिस चालवत होती. दोन्ही बाजूंना मका पिवळा पडलेला.

"रॉलीकडे बावीसचं एक जुनं पिस्तूल पडून आहे," मायलो शेवटी म्हणाला. "बुधवारी आणून देतो म्हणाला. नुसतं बघायला."

आर्लिसने रस्त्यावरून नजर हलवली नाही.

"विचार त्याला," ती म्हणाली, "दोन आहेत का."